झाकलेल्या नावाची चव

चार मित्र जेवायला जमावेत, प्रत्येकाने मद्याची एकेक बाटली आणावी, तिच्यावरचे नाव कापडाने झाकावे आणि जेवताजेवता एकेक घोट घेऊन कागदावर गुण मांडावेत, हा पाश्चात्त्य घरांतला एक आवडता खेळ आहे. मद्याशी ज्याचा संबंध पुस्तकापुरताच, त्याला हा निव्वळ डामडौल वाटेल. मला मात्र या खेळाचे कुतूहल आहे, कारण मी मास्तर आहे आणि गुण देणे हा माझा रोजचा उद्योग आहे. गुण वस्तूला द्यायचे की वस्तूच्या नावाला? या प्रश्नाची फ्रेंच मद्याच्या इतिहासात दोनदा मोठी परीक्षा झाली.

पहिली १८५५ साली. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरवले. त्यासाठी बोर्दो प्रांतातल्या मद्यांची प्रतवारी हवी होती. तिथल्या व्यापारी मंडळाने हे काम मद्याच्या दलालांवर सोपवले आणि अवघ्या दोन आठवड्यांत, १८ एप्रिलला, त्यांनी यादी हातात ठेवली. त्यात तांबड्या मद्यांचे पाच वर्ग केले होते. वाचकाला वाटेल, या दोन आठवड्यांत त्यांनी ओळीने पेले मांडून घोट घेतले असतील. तसे काही झाले नाही. त्यांनी वर्षानुवर्षांचे भाव पाहिले. ज्याचा भाव चढा, त्याचा वर्ग वरचा. पहिल्या वर्गात चार नावे बसली : लाफीत, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ. (आपल्या मराठवाड्यातल्या लातुराशी या लातूरचे काही नाते नाही, हे सांगून टाकलेले बरे.)

दलाल मूर्ख नव्हते. बाजारातला भाव म्हणजे हजार जिभांनी अनेक वर्षे दिलेला कौलच, असे त्यांचे म्हणणे असणार. पण घोटाळा पुढेच आहे. आरंभी भावावरून वर्ग ठरला. मग वर्गावरून भाव ठरू लागला. मळ्यांचे मालक बदलले, जमिनी विकल्या गेल्या, नव्या जोडल्या गेल्या. नावापुढचा वर्ग मात्र तसाच राहिला. दुसऱ्या वर्गातल्या मुताँ-रोथशिल्डला पहिल्या वर्गात येण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले, आणि तेही मालकाने कित्येक वर्षे चिकाटी धरली तेव्हा! एकशे अठरा वर्षांत वरच्या वर्गात चढलेला हा एकच विद्यार्थी.

दुसरी परीक्षा २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात झाली. स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज तिथे मद्याचे दुकान चालवी. अमेरिकन स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती, ते निमित्त साधून त्याने कॅलिफोर्नियाची काही मद्ये फ्रेंच मद्यांच्या पंक्तीला बसवली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि सगळे नाणावलेले. प्रत्येकाच्या हाती वीस गुण. बाटल्यांवरची नावे झाकलेली. पांढऱ्या मद्यांत पहिले आले कॅलिफोर्नियाचे शातो माँतेलेना. तांबड्यांत १८० पैकी १२७.५ गुण मिळवून स्टॅग्ज लीप पहिले ठरले. ते तयार करणारा वॉरेन विनियार्स्की पूर्वी शिकागोच्या विद्यापीठात शिकवीत असे. आमच्या जातकुळीचा माणूस! तीनच वर्षांपूर्वी पहिल्या वर्गात गेलेले मुताँ १२६ गुणांवर दुसरे आले. निकाल ऐकून ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, असे सांगतात. स्परियरने ती दिली नाही.

या गोष्टीतून अमेरिकेचे मद्य फ्रान्सपेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे हा मात्र उतावळेपणा होईल. नऊ परीक्षकांचे गुण मिळून फरक तो केवढा, तर दीड गुणाचा! एकाच पेल्याला एकाने भरभरून द्यावे आणि दुसऱ्याने हात आखडावा, असेही तिथे घडले. नाव झाकले म्हणून जीभ काही अचूक होत नाही. ती चुकते, पण मग ती स्वतःचीच चूक करते, दुसऱ्याने पढवलेली नव्हे. माझ्या मते त्या दिवसाचे महत्त्व एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

आमच्याकडे परीक्षा मंडळाच्या उत्तरपत्रिकेवर केवळ क्रमांक असतो. शाळेच्या घरगुती परीक्षेत मात्र पहिल्याच पानावर मुलाचे नाव असते, आणि आपल्या देशात आडनाव हे नुसते आडनाव नसते. ते वाचताक्षणी गाव, घर, जात, बापाचा धंदा, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. गेल्या वर्षी याच मुलाला किती गुण होते, तेही आठवते. दलालांच्या यादीसारखीच एक यादी प्रत्येक मास्तराच्या डोक्यात असते. तिच्यात पहिल्या वर्गात बसलेला मुलगा सहसा खाली येत नाही आणि पाचव्या वर्गातल्याला वर येण्यासाठी मुताँइतकी चिकाटी लागते. मुताँजवळ धनाढ्य मालक होता; या मुलाजवळ कोण असते?

म्हणून मी पहिले पान मागे मुडपून मगच पेपर तपासायला घेतो. हाताच्या वळणावरून पोर पुष्कळदा ओळखू येते, हे खरे. तरीही दोनचार पेपर असे निघतात, की गुण मांडून झाल्यावर पान उलगडावे आणि नाव वाचून क्षणभर थांबावे. अशा वेळी गुणपत्रिका परत मागायची नाही, एवढे पथ्य परीक्षकाने पाळले पाहिजे.