कुत्र्यासह कॅम्परने डोंगरात: चोर्ला घाटापासून स्पितीपर्यंत, निघण्याआधी काय पाहावं

बेळगाव : गेल्या काही वर्षांत आपल्या भागात मागे गादी टाकलेल्या, छपरावर पाण्याची टाकी बसवलेल्या व्हॅन दिसू लागल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी केए-२२ पाटीची अशी गाडी आंबोलीच्या वाटेला लागते आणि मागच्या खिडकीतून हमखास एक कुत्रं तोंड बाहेर काढून वारा खात असतं. कारण साधं आहे. कुत्र्याला बहुतेक लॉज घेत नाहीत. रेल्वेत त्याला न्यायचं तर एसी फर्स्टचं अख्खं कूपे हवं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यात कोंडायचं. शेजाऱ्याकडे किती दिवस ठेवणार? मग आपलीच गाडी हेच घर.

आमच्याकडे खंड्या आहे, मुधोळ आणि गावठी यांचा मिश्र. त्याला घेऊन सहा वर्षं डोंगर फिरल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कुत्र्याला कुठे न्यायचं यापेक्षा कुठे न्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. या लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

सीमा राज्यांची नव्हे, जंगलाची

आपण सीमाभागातली माणसं. बेळगावहून निघून चंदगड, दोडामार्ग करत दुपारी साखळीला जेवलं तर एका दिवसात तीन राज्यं होतात आणि कुणी काही विचारत नाही. कुत्र्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला पासपोर्ट वगैरे लागत नाही. लसीकरणाचं कार्ड जवळ असलं की पुरे. पण त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी वनखात्याची पाटी दिसते, ती ओलांडली की गोष्ट बदलते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि पर्यटक म्हणून परवानगी मिळाली तरी पाळीव कुत्रा आत नेऊ देत नाहीत. राष्ट्रीय उद्यानातही तेच. आपल्या आसपास ही यादी लांब आहे : खानापूर तालुक्यातलं भीमगड, गोव्यातली म्हादई, नेत्रावळी आणि मोलेचा पट्टा, पलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला राधानगरी आणि चांदोली. चोर्ला घाटात गाडी उभी करून पायवाटेने खाली उतरलात तर कधी म्हादई अभयारण्यात शिरलात ते कळतही नाही. तिलारी, आंबोली-दोडामार्ग आणि चंदगड इथे संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथले नियम अभयारण्याइतके कडक नाहीत, पण तिथल्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय कुत्रा सोडू नये.

हा नियम नुसता कागदी नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखानिया भागात वीसहून जास्त सिंह दगावले. त्यातल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा रोग. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह याच रोगाने गेले होते. आपल्या सह्याद्रीत सिंह नाहीत, पण कोळसून म्हणजे रानकुत्रे आहेत, आणि ते तर आपल्या खंड्याचे चुलत भाऊच. डिस्टेंपर आणि रेबीज दोन्ही त्यांना होतात. लस घेतलेलं कुत्रंसुद्धा अंगावर, पायांवर काय घेऊन फिरतं याची खात्री कोण देणार?

दुसरं म्हणजे पाठलाग. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ बंदूक चालवण्यापुरता नाही. जनावराच्या मागे लागणं, त्याला हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. मुधोळ जातीच्या कुत्र्याला ससा दिसला की तो मालकाचं ऐकत नाही. ती जातच त्यासाठी घडवलेली आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून हे नाव पडलं, आणि आपल्याकडे घाटावर याच धाटणीच्या कुत्र्याला कारवान म्हणतात. काफिल्यांबरोबर आलेली जात म्हणून कारवान, असं सांगतात. म्हणजे गाडीमागून प्रवास करणं हे त्याच्या नावातच आहे म्हणा! पण पट्टा सोडायचा नाही. पाच मीटरचा लांब पट्टा आणि छातीवरून येणारा हार्नेस घ्या. नुसत्या गळपट्ट्यावर उतारावर ओढ बसली तर मान दुखावते.

मग राहिलं काय? बरंच राहिलं. येळ्ळूरचा राजहंसगड, चंदगड तालुक्यातले महिपालगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड. महिपालगडावर आणि पारगडावर वस्ती आहे, गाडी वरपर्यंत जाते. गावात शिरण्याआधी कुणाला तरी हाक मारून सांगावं, कारण गावातली कुत्री पाहुण्याला सहज आत घेत नाहीत. देवळाच्या आवारात कुत्रा नेऊ नये, बाहेर कुणाकडे तरी द्यावा.

बिबट्या आणि गोचीड

बिबट्याला कुत्रा आवडतो. हे घाटाखाली लहान पोरंही सांगतील. आंबोली, चंदगड, तिलारी भागात रात्री कुत्र्याला गाडीबाहेर साखळीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला आमिष म्हणून बांधणं. अंधार पडल्यावर तो गाडीत, काच दोन बोटं उघडी, आणि उरलेलं मटण-मासळी बंद डब्यात. रात्री लघवीला न्यावं लागलं तर टॉर्च घेऊन, पट्ट्यावर, गाडीपासून दहा पावलांत.

बिबट्या दिसतो तरी. गोचीड दिसत नाही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीतून पसरतो. २०१५ च्या सुमारास तो सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसं नेली. थंडी सरता सरता सुरू होऊन उन्हाळाभर त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचा हंगाम. कुत्र्याला त्या तापाचा तसा त्रास होत नाही, पण पानांतून फिरताना तो गोचिडी अंगावर घेतो, आणि आपण त्याच्याच शेजारी त्याच गादीवर झोपतो. घरात हे चालून जाईल, व्हॅनमध्ये नाही.

म्हणून निघण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचिडीचं औषध, मग ते गोळी असो वा मानेवर सोडायचे थेंब. रोज संध्याकाळी गाडीत घेण्याआधी कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बोटं फिरवून बघायचं. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. बोटांनी चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. जंगलातून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर आपण कुठे फिरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शहरातला डॉक्टर विचारेलच असं नाही.

गाडीतली व्यवस्था

सीट काढून पक्का पलंग बसवायचा, छप्पर वाढवायचं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. नोंदणीत जसं लिहिलंय तशी गाडी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. आमचं साधं आहे : प्लायवुडची पेटी, वर फळी, फळीवर गादी. काढली की गाडी पुन्हा गाडी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण घरगुती व्हॅनवाल्याला त्यापेक्षा मुक्कामाला परवानगी देणारा शेतकरी जास्त उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. गाडीच्या आत शेगडी पेटवून काचा लावून झोपू नका. थंडीत हा मोह होतो. कोळशाच्या किंवा गॅसच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस व कुत्रा दोघंही झोपेतच जातात. स्वयंपाक बाहेर, नाहीतर मागचं दार पूर्ण उघडून.

उन्हाचंही तसंच. बाहेर तीस अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून कुत्र्याला आत कोंडू नये, एकाने गाडीपाशी थांबावं. पाण्याचा हिशोब असा : कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर. वीस किलोच्या खंड्याला लिटर-सव्वा लिटर, आणि चढाईच्या दिवशी त्याच्या दुप्पट.

लांबचा पल्ला : स्पिती

सह्याद्री पचला की सगळ्यांना हिमालय खुणावतो. बेळगावहून पुणे, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीच्या बाहेरून शिमला आणि पुढे काझा हे साधारण अडीच हजार किलोमीटर. (इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांचे अर्धे श्रम वाचतात. वडोदरेवाल्यांना उदयपूर-जयपूर, हैदराबादकरांना सरळ नागपूरचा महामार्ग.) जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साडेपाच हजार. अकराचा ॲव्हरेज धरला तर पाचशे लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने पंचेचाळीस हजार. लॉजचा खर्च वाचला असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी लिहून ठेवावा. गाडी जुनी डिझेल असेल तर दिल्ली परिसरातले निर्बंध निघण्यापूर्वी पाहावेत, ते वेळोवेळी बदलतात.

काझाला दोन वाटा. मनालीहून अटल बोगद्याच्या बाजूने गेलं तर मनाली २,०५० मीटरवर, आणि त्याच दिवशी कुंझुम खिंड साडेचार हजारांवर. माणसाचं डोकं तिथे ठणकतं, कुत्रा मात्र बोलत नाही. शिमल्याच्या बाजूने वाट लांबची पण शहाणी. शिमला २,२००, कल्पा २,९६०, ताबो ३,२८० आणि मग काझा ३,६०० च्या पुढे. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम कुत्र्यालाही लावा. कल्प्याला दोन रात्री काढा, तेवढ्यात रोघी गावापर्यंत पायी जाऊन या. नाको ३,६६० मीटरवर आहे, तिथे तळ्याकाठी दुपार घालवा पण मुक्काम खाली ताबोला. भारतीय नागरिकाला या वाटेवर इनर लाइन परमिट लागत नाही, ओळखपत्र ठेवा.

आम्ही पहिल्या खेपेला नाकोतच राहिलो. रात्री खंड्याने भात हुंगूनही पाहिला नाही. आम्ही म्हटलं, थकलाय. पहाटे तो बसल्या जागी धापा टाकत होता, हिरड्या फिक्या झाल्या होत्या. तसंच गाडीत घालून खाली उतरलो, सतलजच्या काठाला आल्यावर दुपारी त्याने पाणी प्यायलं. अन्न नाकारणं, ओकारी, विश्रांतीतही धाप, हिरड्यांना निळसर झाक : यातलं काहीही दिसलं की औषध शोधत बसायचं नाही, उतरायचं. आपल्या बॅगेतलं ब्रुफेन किंवा क्रोसिन त्याला कधीही देऊ नका. ब्रुफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खलास होतात. चपट्या नाकाची पग, बुलडॉग ही जात या उंचीवर नेऊच नये.

मुधोळसारख्या आखूड केसांच्या, अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्याला जाड कोट हवा आणि रोजच्यापेक्षा पाव-अर्धा पट जास्त खाणं. तळवे खडीवर सोलवटतात. कापडी बूट बेळगावातच आठवडाभर घालून सवय लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो ते दातांनी फाडतो.

तिथेही वनखात्याच्या पाट्या आहेत. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान, किब्बर अभयारण्य, सांगल्याच्या बाजूला रकछम-छितकुल अभयारण्य. छितकुलला जाऊन बास्पा नदीच्या कडेने वर चालत सुटणं ही नेहमीची चूक, आम्हीही केली आणि चेकपोस्टवरून परत फिरलो. शिवाय कुरणांवर गद्दी मेंढपाळांचे राखणदार कुत्रे असतात, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेले. लांबून कळप दिसला की वाट बदला किंवा मेंढपाळाला हाक देऊन थांबा. ते कुत्रे बिबट्याशी भिडतात, खंड्याचं काय घेऊन बसलात.

काळ निवडायचा तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस ओसरलेला, नाले उतरलेले, आणि परतताना मैदानी भागात मे-जूनचं ऊन नसतं. मे महिन्यातच जायचं असेल तर धुळे ते आग्रा हा टप्पा पहाटे तीन ते सकाळी नऊ या वेळेतच कापा, आणि दिवसा एखाद्या ढाब्याच्या झाडाखाली गाडी लावून तिघंही झोपा. ढाबेवाला आधी कुरकुरतो, मग खंड्याला पोळी आणून देतो.