रेडियमची नळी आणि रुग्णेचे धैर्य

इसवी सन १८९८ च्या अखेरीस पॅरिस येथे मेरी व पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध लावला. पुढे १९०१ साली आंरी बेकरेल यांनी रेडियमची लहानशी नळी खिशात बाळगली असता त्यांची कातडी भाजून निघाली. जो पदार्थ निरोगी त्वचा जाळतो, तो रोगट मांसाचाही नाश करील, हा विचार त्यामुळे बळावला. १९०३ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट क्लीव्हज यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियमचा प्रयोग केला. जेथे शस्त्राचा उपाय चालत नसे, तेथे आशेचा किरण दिसू लागला. परंतु उपाय सापडणे निराळे व तो सोसणे निराळे. पहिल्याचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला, दुसऱ्याचा क्वचितच.

स्टॉकहोम येथे १९१० साली निघालेल्या रेडियमगृहात अधिक रेडियम सुमारे एक दिवस ठेवीत व काही आठवड्यांच्या अंतराने तोच प्रयोग पुन्हा करीत. पॅरिसमध्ये क्लोद रगो यांच्या पद्धतीने थोडे रेडियम सतत काही दिवस ठेवले जाई. रीत कोणतीही असो, नळ्या गर्भाशयात व योनिमार्गात बसवावयाच्या आणि भोवती कापडाच्या घड्या भरावयाच्या. कारण मूत्राशय व गुदाशय अगदी लगत असतात. नळ्या हलू नयेत म्हणून रुग्णेस उताणे, निश्चल पडून राहावे लागे. किरणांचा अपाय ध्यानी आल्यावर परिचारिकाही तिच्याजवळ फार वेळ थांबेनाशा झाल्या. वेदनेत एकांताची भर पडली.

याहूनही कठीण अडसर लज्जेचा. रक्तस्राव दिसत असूनही कित्येक स्त्रिया महिनोन्‌महिने गप्प राहत. ब्रिटनमधील स्त्री-डॉक्टरांच्या उद्योगाने १९२९ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मेरी क्यूरी रुग्णालय स्थापन झाले. तेथे रुग्ण स्त्रिया व उपचार करणाऱ्याही स्त्रियाच. जे परक्या पुरुषापुढे उच्चारवत नसे, ते तेथे बोलता येई. १९४४ साली बॉम्बहल्ल्यात ती इमारत उद्ध्वस्त झाली, तरी काम बंद पडले नाही. आपल्याकडे मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि कर्करोगाच्या रुग्णांस स्वतंत्र आसरा लाभला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोकळ नळ्या आधी बसवून किरणद्रव्य मागाहून सोडण्याची युक्ती रूढ झाली. रेडियम मागे पडले. इरिडियम व कोबाल्ट आले. पूर्वी दिवस लागत, ते काम आता बहुधा मिनिटांत होते. तथापि शरीराचा धर्म पालटलेला नाही. जुलाब, लघवीची आग व थकवा आजही येतात, तरुण स्त्रीची पाळी बंद होऊ शकते, योनिमार्ग आकसतो. यांतील बहुतेकांवर इलाज आहे: औषधे, हलका आहार, भरपूर पाणी, विश्रांती, तसेच मार्ग आकसू नये म्हणून वैद्याने दिलेले साधन. मात्र जे सांगितलेच नाही, त्यावर इलाज कसा व्हावा? संकोचाने वा भीतीने उपचार अर्धवट सोडणे तर रोगाला मोकळे रान देणे होय.

शंभराहून अधिक वर्षांत यंत्रे सुधारली, मात्राही अचूक झाल्या. पण घरात पतीने, सासूने व लेकीने त्या स्त्रीस मोकळेपणी विचारावे, आणि तिनेही न लाजता सांगावे, ही सुधारणा कोणतेही यंत्र करू शकत नाही. ती प्रत्येक घराने स्वतःच करावयाची आहे.