महाड परिषदेतील अलंकारत्याग

महाड परिषदेतील अलंकारत्याग ही डिसेंबर १९२७ मध्ये महाड (तत्कालीन कुलाबा जिल्हा) येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रियांनी केलेली निषेधाची कृती होय. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी भरलेल्या या परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या घटनेपुढे हा प्रसंग काहीसा दुर्लक्षित राहिला आहे.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांस खुले केले होते. परंतु पाणवठ्यावर आलेल्या स्त्रीची जात विचारावी लागत नसे. आखूड नेसलेले लुगडे, गळ्यातील अनेक गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या यांवरून ती दुरूनच ओळखू येई. सोने घालण्यास तर अनेक ठिकाणी रूढीने मनाई होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परिषदेस आलेल्या स्त्रियांपुढे भाषण करून या खुणा टाकून देण्याचे आवाहन केले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घालावा, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे रूढीने नाकारलेला अलंकारच त्यांनी सुचवला. मुलींच्या शिक्षणावरही त्यांनी भर दिला. परतण्यापूर्वीच अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. या कृतीस केवळ पेहरावसुधारणा म्हणणे अपुरे ठरते.

याचे जवळचे पूर्वोदाहरण केरळमध्ये आढळते. १९१५ मध्ये कोल्लमजवळील पेरिनाड येथे अय्यनकाळी यांच्या आवाहनानंतर पुलय स्त्रियांनी जातीची खूण म्हणून घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा काढून टाकल्या. हा लढा 'कल्लुमाला समरम्' या नावाने ओळखला जातो.