डॉल्फिनवरचे वेलिणकर

पहिल्या महायुद्धात हिंदी वैमानिकही लढले, हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि आपले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, या चौघांची नावे त्यात प्रामुख्याने येतात. पैकी वेलिणकरांची ओळख महाराष्ट्रालाही फारशी नाही, म्हणून आज आम्ही त्यांच्याकडे वळलो.

मुळात हिंदी माणसाला विमानात बसू कोण देणार? मलिक यांना आधी नकारच मिळाला होता. फ्रेंच लोक त्यांना घ्यायला तयार आहेत असे दिसताच ऑक्सफर्डच्या त्यांच्या गुरूंनी रदबदली केली, आणि इंग्रजांना लाज वाटली म्हणा! हिंदी माणसाला लष्करात राजाच्या सनदेचा अधिकारी होण्याचे दार तर ऑगस्ट १९१७ मध्ये जेमतेम किलकिले झाले.

वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये होते. १९१८ च्या वसंतात या स्क्वाड्रनची जुनी फ्रेंच स्पॅड विमाने जाऊन तेथे सॉपविथ डॉल्फिन आली. हे विमान पाहूनच वैमानिक बिचकत. नेहमीच्या दुपंखी विमानात वरचा पंख पुढे असतो. येथे तो मागे आणि खालचा पुढे! वरच्या पंखाच्या मधोमध उघडी पोलादी चौकट, आणि तीतून वैमानिकाचे डोके बाहेर. शत्रू हेरायला याहून सोयीची जागा नाही. परंतु उतरताना विमान उलटले तर जमिनीला पहिले काय लागणार, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

शिवाय आसन एकच. शेजारी गुरुजी नाहीत, दुसरी दांडी नाही. जे काही समजवायचे ते जमिनीवर, विमानाशेजारी उभे राहून. डॉल्फिनवरचे पहिले उड्डाण हे प्रत्येकाचे एकट्याचेच उड्डाण असे. दोनशे अश्वशक्तीचे इंजिन, आणि त्यातल्या फ्रेंच कारखान्यांतून आलेल्या काहींचे दाते वरचेवर तुटत. पंखांवर ताणून बसवलेले कापड. कापड म्हटले की आम्हा वऱ्हाडकरांचे कान टवकारतात, पण ते आपल्या कापसाचे नव्हे, जवसाच्या जातीच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे होते.

एकदा वर गेल्यावर मात्र भीती ओसरे. विमान चपळ निघाले; वीस हजार फुटांवरही ते लढे. इंजिनाचे तापलेले पाणी बैठकीच्या दोन्ही बाजूंनी नळ्यांतून जाई, त्यामुळे इतर वैमानिक काकडत असता डॉल्फिनवाल्याला ऊब मिळे.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर अशाच डॉल्फिनमधून गस्तीवर निघाले ते परतले नाहीत. जर्मन हद्दीत त्यांचे विमान पडले, आणि ३० जूनला शत्रूच्या कैदेत त्यांचा अंत झाला. इंद्रलाल रॉय २२ जुलैला पडले. सेन कैदेत राहिले. मलिक पायात गोळ्या घेऊन जगले.

भारतीय वायुदल स्थापन झाले ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. वेलिणकरांची समाधी फ्रान्समध्ये, आमिआँ शहराजवळच्या हांगार गावच्या लष्करी दफनभूमीत आहे.