शेतातून कचेरीत नेमकं कोण जातं? मॉरिशसचा अनुभव

मंडळी, मागच्या वेळी आपण शेतीकडून उद्योगाकडे आणि उद्योगाकडून सेवांकडे जाणाऱ्या समाजांबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, माणसं शेतातून कचेरीत जातात म्हणता, पण नेमकं कोण जातं?’ प्रश्न साधा दिसतो, पण अडचणीत टाकणारा आहे. आज त्यासाठी एक छोटा देश घेऊ : मॉरिशस. क्षेत्रफळ सुमारे २०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

१८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते भारतातून गिरमिटावर नेले गेले. साडेचार लाखांहून अधिक. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज तिथं आजही मराठी म्हणून ओळखले जातात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या बेटाचं अर्थकारण म्हणजे ऊस आणि साखर, एवढंच होतं.

१९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाविषयी अहवाल दिला. लोकसंख्या झपाट्यानं वाढते आहे, ऊस आणखी हातांना काम देऊ शकत नाही, तेव्हा भवितव्य कठीण आहे, असा त्याचा सूर होता. पुढे मॉरिशसची भरभराट झाली, तेव्हा ‘मीड चुकले’ असं म्हणायची पद्धत पडली. पण बघा, भरपूर हात लागतील असे कारखाने काढा, हा उपायही त्यांनीच सुचवला होता. भाकीत चुकलं ते बऱ्याच अंशी उपाय अमलात आला म्हणून!

१९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला. हाँगकाँगच्या कारखानदारांना युरोप-अमेरिकेत कपडे विकायला कोट्याची अडचण होती. त्यांना मॉरिशस सोयीचं पडलं. १९७५ पासून युरोप ठरावीक साखर चढ्या भावानं घेऊ लागला, त्या नफ्यातलाही पैसा या कारखान्यांत आला. शिवणयंत्रावर बसल्या मुख्यतः बायका, कारण त्यांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवलेलं होतं. ज्या घरांत बाईच्या हाती कधी पगार आला नव्हता, तिथं तो आला. पण स्वस्त म्हणून आला. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. ऊसतोड्याची मुलगी शाळेत टिकली. इंग्रजी-फ्रेंच शिकलेली ही पिढी मोठी झाली, तेव्हा पर्यटन वाढत होतं, १९९२ पासून परदेशी कंपन्यांसाठी वित्तसेवांचा कायदा होता, आणि नव्या शतकात एबेनला सायबरसिटी उभी राहिली. भारताशी १९८२ मध्ये केलेल्या करारामुळे भारतात येणारं पुष्कळ भांडवल मॉरिशसमार्गे येऊ लागलं. त्या कागदपत्रांवरही अनेकांची पोटं भरली.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. २००५ च्या आरंभी जगातली कपड्यांच्या कोट्याची पद्धत संपली. पाठोपाठ युरोपनं साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवला. कारखाने बंद पडले, हजारो बायकांचं काम गेलं. पंचेचाळिशीची, अर्धवट शिकलेली, वीस वर्षं शर्टाच्या बाह्या जोडलेली बाई बँकेत हिशेबनीस होत नाही. ती फार तर हॉटेलात चादरी बदलते, नाहीतर घरी बसते. स्त्रियांमधली बेकारी पुरुषांपेक्षा बरीच वर गेली.

म्हणजे ऊसतोड्या कचेरीत गेलाच नाही. गेली त्याची मुलगी किंवा नात. आकड्यांच्या तक्त्यात ‘श्रम’ एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकतो. घरात मात्र एक माणूस मागे राहतो आणि दुसरा पुढे जातो. तक्ता दोघांना एकच समजतो. ‘सेवा’ हा शब्दही असाच फसवा आहे. कर-सल्लागार आणि चादरी बदलणारी बाई, दोघांची गणना एकाच शीर्षकाखाली होते. शेती नाही, कारखाना नाही, म्हणून सेवा. नकारातून केलेली व्याख्या आतली विषमता झाकते.

मग मागे राहिलेल्याचं काय? इथं मॉरिशसनं एक विचार करण्याजोगी गोष्ट केली. साखर उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कामगारांना २००१ नंतरच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत रोख रकमेबरोबर जमिनीचा लहान तुकडाही देऊ केला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्यांना थोडी का होईना, स्वतःची जमीन. शिवणयंत्रावरच्या बायकांच्या वाट्याला असं काही आलं नाही. आणि जे कारखाने टिकले, तिथं आज बांगलादेशातून करारावर आलेले मजूर मोठ्या संख्येनं दिसतात. पुन्हा करार, पुन्हा समुद्रापलीकडून आलेले हात.

सेवांकडे जाणं वाईट, असं मी म्हणत नाही. ऊसतोड्यालाही आपली मुलगी मळ्यात नकोच होती. माझं म्हणणं एवढंच : प्रगतीचा लाभ एका पिढीला आणि तिची किंमत दुसऱ्या पिढीला, असं होत असेल, तर ती किंमत आपोआप फिटत नाही. ती फेडायची की नाही, हे समाजाला ठरवावं लागतं. ते अर्थशास्त्राचं सूत्र ठरवत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.