पेर लावाल यांची पॅरिश आणि आपली बैठका

दर वर्षी 8 सप्टेंबरची संध्याकाळ झाली की मॉरिशसच्या सगळ्या रस्त्यांवरून माणसे पोर्ट लुईच्या दिशेने पायी निघतात. शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी सेंत-क्रुआ हे गाव आहे. तेथे पेर लावाल यांची समाधी आहे. रात्रभर चालायचे, पहाटे समाधीवर हात ठेवायचा, मेणबत्ती लावायची आणि 9 तारखेला त्यांच्या पुण्यतिथीची प्रार्थना ऐकून घरी परतायचे, असा हा परिपाठ. चालणाऱ्यांत कॅथलिक असतात, तसेच हिंदू, मुसलमान आणि चिनीही असतात. आपली मराठी माणसेही त्यात असतात. कोणी मुलाच्या आजारात बोललेला नवस फेडायला जातो, तर कोणी आजी जात होती म्हणून जातो. भाद्रपदातला आपला गणपती याच दिवसांच्या आगेमागे येतो. घरी गणपतीची आरती आणि सेंत-क्रुआला मेणबत्ती, यात कोणाला विसंगती वाटत नाही.

समाधीला आपण हात लावतो. पण त्या समाधीत निजलेल्या माणसाने या बेटावर काय उभे केले, हे समजून घेण्याजोगे आहे. ते आपल्याच इतिहासाच्या शेजारचे पान आहे.

जे कोठीवरून गेले आणि जे कोठीवर आले

मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसे कागदोपत्री मोकळी झाली. पण आणखी काही वर्षे त्यांना 'उमेदवार' या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले. ते बंधन 1839 मध्ये सुटले आणि बहुतेकांनी साखरेच्या कोठीकडे पाठ फिरवली. त्यांची जागा भरायला हिंदुस्थानातून मजूर येऊ लागले होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. पुढे मद्रास आणि मुंबई या बंदरांतूनही जहाजे सुटू लागली. मुंबईहून आलेल्यांची संख्या कलकत्त्याच्या मानाने बरीच थोडी होती. आपले बहुतेक पूर्वज त्या थोड्यांतले. रत्नागिरीकडचे, कोकणातल्या वाड्यावस्त्यांतले हे लोक होते.

म्हणजे एकाच काळात एक समाज कोठीवरून बाहेर पडत होता आणि दुसरा कोठीवर येत होता. दोघांपाशी स्वतःचे असे फारसे काही नव्हते. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्यांची भाषा, देव, नाव सारे हिरावले गेले होते. आपल्या लोकांपाशी भाषा आणि देव उरले होते, पण गाव सुटले होते. माणसाला नुसत्या भाकरीवर राहता येत नाही. कोण जन्मले, कोण गेले, कोणाचे लग्न ठरले हे कळायला आणि हात जोडायला एक जागा लागते. अशी जागा दोन्ही समाजांनी आपापल्या परीने घडवली. एकाने पॅरिश घडवली आणि दुसऱ्याने बैठका.

डॉक्टरचा पाद्री झाला

जाक-देझिरे लावाल यांचा जन्म 18 सप्टेंबर 1803 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील क्रोत गावी झाला. ते शिकून डॉक्टर झाले आणि काही वर्षे त्यांनी वैद्यकी केली. मग ती सोडून ते पाद्री होण्यासाठी पॅरिसला गेले. 1838 मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. बिशप कॉलियर यांच्याबरोबर ते मॉरिशसला आले आणि 14 सप्टेंबर 1841 रोजी पोर्ट लुईला उतरले. तेव्हापासून 9 सप्टेंबर 1864 या मृत्यूच्या दिवसापर्यंत त्यांनी हे बेट सोडले नाही.

त्या काळी येथील चर्च प्रामुख्याने गोऱ्या मळेवाल्यांचे होते. लावाल यांनी आपले काम नुकत्याच मुक्त झालेल्यांसाठी वाहून घेतले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की या लोकांची क्रिओल बोली ते शिकले. प्रश्नोत्तरांच्या रूपातली सोपी धर्मशिकवण त्यांनी त्या बोलीत तयार केली. दिवसभराचे काम आटोपून लोक संध्याकाळी येत, तेव्हा ते शिकवायला बसत. रविवारी भर दुपारी त्यांच्यासाठी वेगळी मिस्सा होई. प्रतिष्ठित लोकांना हे रुचले नाही आणि त्यांची टिंगल झाली, तरी त्यांनी आपला क्रम मोडला नाही.

एका माणसाला सारे बेट पुरे पडणार नव्हते. म्हणून त्यांनी शिकलेल्यांतूनच शिकवणारे निवडले. काल जो गुलाम होता तो आज आपल्या वस्तीत दहा-वीस जणांना प्रार्थना शिकवू लागला. लोकांनी ठिकठिकाणी लहान लहान प्रार्थनाघरे बांधली. आजाऱ्याची विचारपूस कोणी करायची आणि गरजूला मदत कशी पोचवायची याची जबाबदारी वस्तीतल्याच स्त्रीपुरुषांवर सोपवली गेली. 1854 मध्ये बेटावर कॉलऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा ही घडी फार उपयोगी पडली. कोणत्या झोपडीत कोण आजारी आहे, ही बातमी पोचवायला माणसे तयार होती.

रविवारची घोषणा

आज पॅरिश म्हटले की आपल्याला चर्चची इमारत दिसते. वसईकडचे मराठी ख्रिस्ती तिला 'धर्मग्राम' म्हणतात आणि तो शब्द जास्त अचूक आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवती बांधलेला गावच. त्या गावाची बातमी रविवारी वेदीजवळून सांगितली जाते. या आठवड्यात कोण वारले, कोणासाठी प्रार्थना करायची, कोणता सण येतो, कोणाला मदत हवी, हे सर्वांना एकदम कळते.

या घोषणांत एक घोषणा फार मोलाची होती. चर्चच्या नियमाप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार वर-वधूंची नावे सर्वांसमोर वाचली जात. आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण गुलामगिरीत मालकाच्या परवानगीवाचून लग्नही करता येत नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याचे नाव केवळ मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होते, त्याचे नाव आता भर सभेत नवरदेव म्हणून वाचले जात होते. मग त्याची नोंद पॅरिशच्या वहीत होई. पुढे मुलाचा बाप्तिस्मा झाला की त्याचीही नोंद होई. आज आपली मुळे शोधणाऱ्या क्रिओल कुटुंबांना या वह्यांचा आधार मिळतो, तो यामुळेच.

1864 मध्ये लावाल वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला सुमारे 40 हजार माणसे लोटली असे सांगतात. तेव्हा टेलिफोन नव्हता. ही बातमी वस्तीवस्तीतून तोंडी गेली. ज्या माणसाने निरोपाची एवढी मोठी साखळी बांधली, त्याचा शेवटचा निरोप त्याच साखळीने पोचवला. पुढे 29 एप्रिल 1979 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्यवादित' पद दिले. त्या पोपच्या कारकिर्दीतला हा पहिलाच असा मान होता.

कोठीवरची बैठका

आता आपल्या बाजूला वळू. लावाल यांचे काम मुक्त झालेल्यांमध्ये होते. हिंदी मजुरांमध्ये, विशेषतः तमिळ बोलणाऱ्यांमध्ये, जेझुइट पाद्री 1860 च्या दशकात काम करू लागले. आपल्या मराठी लोकांनी मात्र बहुतांशी आपले कुळाचार सोबत ठेवले. गणपती, गोंधळ, झाकरी, अभंग हे त्यांनी कोठीच्या काँमध्ये, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, जागते ठेवले.

कोठीवर सिरदाराचा हुकूम चाले. बाहेर जायचे तर पास लागे. अशा जीवनात संध्याकाळची बैठका हीच आपली पॅरिश होती. तेथे पोथी वाचली जाई आणि मुले अक्षरे गिरवीत. कोणत्या कोठीवर आपला माणूस आहे, कोणाचा करार संपला, कोण परत मुलखाला चालला, कोणाच्या घरी सुतक आहे, हेही तेथेच कळे. भजन आणि बातमी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ यांनी जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यावर 9,401 जणांची संमती होती. त्यातून 1872 चे राजकीय चौकशी मंडळ आले. एवढी संमती गोळा होते ती काँ-काँमध्ये तोंडी निरोप पोचल्याशिवाय नव्हे.

पण एका बाबतीत आपण मागे राहिलो. बैठकेला वही नव्हती. डेपोच्या नोंदवहीत आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव आहे, नंबर आहे, जहाज आहे, गाव आहे. पुढे छायाचित्रेही घेतली गेली. आज ही कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण ती मालकाच्या आणि सरकारच्या सोयीसाठी लिहिलेली होती, कानाला ऐकू येईल तसे स्पेलिंग करून. हिंदू विधीने लागलेल्या लग्नांना तर कायद्याची मान्यता फार काळ नव्हती. त्यामुळे कोणाचे लग्न कोणाशी, कोणत्या मांडवात लागले, हे माणसांच्या आठवणीत राहिले. माणसे गेली तशा आठवणीही गेल्या.

भाषा कशावर जगते

येथे भाषेचा प्रश्न येतो. लावाल यांनी लोकांच्या बोलीत प्रार्थना शिकवली. पुढे मात्र चर्चची मिस्सा लॅटिनमध्ये आणि प्रवचन फ्रेंचमध्ये राहिले. 1930 मध्ये निघालेले 'ला व्ही कातोलिक' हे साप्ताहिकही फ्रेंच भाषेतले. घरात क्रिओल आणि देवळात फ्रेंच, असा हा मामला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर लोकभाषेत उपासना होऊ लागली आणि येथेही क्रिओलला चर्चमध्ये जागा मिळत गेली. 2012 पासून क्रिओल प्राथमिक शाळेतही शिकवली जाते.

आपली स्थिती नेमकी उलटी आहे. मराठी शाळेत आहे, आरतीत आहे, व्यासपीठावर आहे, पण बातमी आपण क्रिओलमध्ये सांगतो. कोणी गेले तर फोनवर क्रिओल, लग्न ठरले तर क्रिओल. ज्या भाषेत केवळ देवाशी बोलले जाते आणि शेजाऱ्याशी बोलले जात नाही, ती हळूहळू पाठांतराची भाषा होते.

मराठीला बातमी आणि भक्ती एकत्र वाहण्याची सवय जुनी आहे, आणि तिची साक्ष मराठी ख्रिस्ती समाजातही सापडते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. त्यात सुमारे 11 हजार ओव्या आहेत आणि त्या ज्ञानेश्वरीच्याच वळणाच्या आहेत. 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने नगर जिल्ह्यातील खेड्यांतल्या ख्रिस्ती लोकांसाठी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. त्याने शंभरी ओलांडली. निरोप्या म्हणजे निरोप आणणारा. नावातच सारे आले. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मग्रामाच्या मासिकातून माणूस थेट मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर पोचला.

आपल्या हातात काय आहे

बंधू-भगिनींनो, पूर्वजांची आठवण काढायची तर त्यांनी जे केले ते पुढे चालवले पाहिजे. कास्कावेल, वाक्वा, बाम्बू, रिव्हिएर नुआर, जेथे जेथे आपली मंडळी आहेत तेथे तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली म्हणजे प्रत्येक मंडळाने एक वही ठेवावी. सभासदांच्या घरचा जन्म, लग्न आणि मृत्यू तीत देवनागरीत लिहावा. सोबत आईवडिलांची नावे आणि आठवत असेल ते मूळ गाव लिहावे. दुसरी म्हणजे आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी पाच मिनिटे मंडळाची बातमी मराठीत वाचावी, आणि ती शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने वाचावी. चुकले तरी चालेल. तिसरी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांकडे जाऊन त्यांना आठवणारी लग्ने, नाती आणि झाकरीची गाणी यंदाच लिहून घ्यावीत. पुढच्या वर्षावर हे काम टाकू नये.

या कामाला पैसा लागत नाही आणि इमारतही लागत नाही. पेर लावाल यांच्या वस्तीतल्या शिकवणाऱ्यांपाशी यातले काहीच नव्हते. त्यांच्यापाशी लोकांची बोली होती आणि रोज संध्याकाळी वेळेवर येण्याची शिस्त होती. आपल्या बैठकेतल्या आजोबांपाशीही एवढेच होते. वही आणायला दोन रुपये कमी पडले तर मंडळाच्या खजिनदाराकडे मागावेत, आणि पहिले नाव घरातल्या सर्वांत वडील माणसाचे लिहावे.