'सैराट' संपल्यावर थिएटर गप्प का होतं?

'झिंगाट' सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला जायचे. सिनेमा संपला की तेच लोक एकमेकांशी न बोलता बाहेर पडायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभरातल्या थिएटर्समध्ये हे दिसलं. एकाच सिनेमाला इतक्या टोकाच्या दोन प्रतिक्रिया कशा आल्या? प्रेमकथा म्हणून पाहायला गेलेले लोक भयपट पाहिल्यासारखे का परतले? आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या प्रेक्षकाला हा शेवट जास्त का लागावा?

(सिनेमा अजून पाहिला नसेल तर लक्षात घ्या, या लेखात त्याचा शेवट सांगितला आहे.)

आधी थोडी उजळणी

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी फेब्रुवारीत बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता. मुख्य भूमिकांमधले रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर दोघेही नवे होते. रिंकूला ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेखाचा मान मिळाला, तेव्हा ती शाळेत शिकत होती. संगीत अजय-अतुल यांचं. तिकीटबारीवर शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी सिनेमा ठरला.

गोष्ट साधी आहे. आर्ची ही गावातल्या बड्या राजकारण्याची, पाटलाची मुलगी. परश्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला, जातीच्या उतरंडीत खूप खालचा. दोघं प्रेमात पडतात, पकडले जातात, पळून हैदराबादला जातात. तिथे झोपडपट्टीतल्या एका खोलीपासून संसार सुरू होतो. काही वर्षांनी आर्चीचा भाऊ नातेवाइकांना घेऊन दारात येतो. सोबत आईने पाठवलेल्या भेटवस्तू असतात. आर्ची चहा करते. त्यानंतर काय झालं ते पडद्यावर दिसत नाही. दिसतं ते शेजारणीकडून घरी परतलेलं लहान मूल आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे. या वेळी आवाज पूर्ण बंद असतो.

प्रेक्षकांनी सिनेमा कसा पाहिला?

पहिली लाट आनंदाची होती. गाण्यांवर नाच, शिट्ट्या, पुन्हा पुन्हा तिकीट काढणं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरमध्ये मध्यरात्री १२ आणि पहाटे ३ वाजताचे खेळ लावल्याच्या बातम्या आल्या. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, आधी स्वतः नजर रोखणारी, मुलाला वाचवायला पुढे होणारी आर्ची मुलींना भलतीच आवडली. त्या वेळच्या मराठी सिनेमात अशी नायिका नवी होती.

दुसरी लाट शेवटानंतरची. लोकांना रडू येत होतंच, पण बहुतेकांनी सांगितला तो सुन्नपणा. त्याचं एक कारण तांत्रिक आहे. दुःखाच्या प्रसंगात आपल्याला पार्श्वसंगीताची सवय असते. संगीत कुठे रडायचं ते सांगतं आणि रडून झालं की मोकळंही करतं. जवळपास तीन तासांच्या या सिनेमात सुरुवातीपासून अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यवृंद सोबत असतो. नेमका शेवटी तो निघून जातो. पडद्यावर शांतता असते, म्हणून थिएटरमध्येही शांतता पसरते. दिवे लागल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही, हेच कळत नाही.

मग 'सैराट' भयपट आहे का?

रूढ अर्थाने नाही. त्यात भूत नाही, वाडा नाही, अमावास्याही नाही. पण शेवटच्या प्रसंगाची बांधणी भयपटासारखी आहे. धोका प्रेक्षकाला आधी कळतो आणि पात्रांना उशिरा. परश्या पाहुण्यांना चहा देतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण असतं, आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा आलेला असतो. हिंसा दाखवलेली नाही, त्यामुळे ती डोक्यात घडते.

जगभरात वाळीत टाकलेल्या तरुण प्रेमिकांवर खरेखुरे भयपटही निघाले आहेत. २००८ च्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश सिनेमात एकट्या पडलेल्या मुलाची मैत्री रक्तपिपासू मुलीशी होते. लुका ग्वादान्यिनो यांच्या २०२२ च्या 'बोन्स अँड ऑल'मधले दोन तरुण प्रेमिक तर नरभक्षक आहेत. या सिनेमाला व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षक मात्र विभागले गेले. काहींना ती हळवी प्रेमकथा वाटली, काहींना पडद्याकडे बघवेना.

या सिनेमांमध्ये प्रेमिक स्वतःच राक्षसी असतात, आणि तरीही त्यांच्यावर माया करायला प्रेक्षकाला सांगितलं जातं. 'सैराट'मध्ये प्रेमिक अगदी साधे आहेत. भीती येते ती भेटवस्तू घेऊन आलेल्या भावाकडून, म्हणजे ज्याला दार उघडायला कुणीही दोनदा विचार करणार नाही अशा माणसाकडून.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीशी याचा काय संबंध?

चित्रीकरण झालं ते सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, मंजुळे यांच्या जेऊरच्या आसपास. जेऊर आणि केम ही मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरची स्थानकं. कल्याणहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने जातात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आणि ठाणे शहराची १८ लाखांहून जास्त होती. यातली कितीतरी कुटुंबं सोलापूर, सातारा, सांगली, खानदेश आणि कोकणातून एक-दोन पिढ्यांपूर्वी आलेली आहेत.

अशा प्रेक्षकासाठी सिनेमाचा पूर्वार्ध म्हणजे सुट्टीतलं गाव. विहीर, उसाचा फड, क्रिकेटचे सामने. खरी ओळख पटते ती उत्तरार्धात. भाड्याची खोली, सामायिक नळ, कारखान्यातली नोकरी, हळूहळू जमणारा संसार, दुचाकी, आणि मग बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बघायला जाणं. डोंबिवलीच्या चाळीतून इमारतीत गेलेल्या किंवा कल्याण पूर्वेला भाड्याने राहून घराचे हप्ते मोजणाऱ्या कुटुंबाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'असले प्रकार गावाकडे होतात' हा शहरातल्या माणसाचा आवडता दिलासा. सिनेमात खून गावात होत नाही. तो शहरात, जात न विचारणाऱ्या शेजाऱ्यांच्या वस्तीत, दोघांनी कष्टाने उभ्या केलेल्या घरात होतो. शहरात आलो म्हणजे सुटलो, हा विश्वासच तिथे मोडतो. शहरात आलेल्या माणसाला हा शेवट जास्त लागतो तो यामुळेच.

आक्षेप काय होते?

प्रतिक्रिया फक्त कौतुकाच्या नव्हत्या. चार आक्षेप सतत ऐकू आले.

*'शाळकरी मुलं बिघडतील.'* पालक आणि शिक्षकांमधून ही तक्रार आली. अल्पवयीन मुलांनी पळून जाणं हा खरा प्रश्न आहे आणि कायद्याने लग्नाचं वय मुलीसाठी १८, मुलासाठी २१ आहे. पण ज्या सिनेमात पळून गेल्यावरचे हाल सर्वात जास्त वेळ दाखवले आहेत, तो पळून जाण्याची जाहिरात कशी करतो, असा उलट प्रश्नही विचारला गेला.

*'एका समाजाची बदनामी केली.'* मराठा समाजातल्या काहींना पाटील कुटुंबाचं चित्रण एकतर्फी वाटलं. यावर अनेकांनी आर्चीकडे बोट दाखवलं. सिनेमातलं सर्वात धाडसी, सर्वात लाडकं पात्र त्याच घरातलं आहे.

*'शेवट उगाच दुःखी केला.'* दोघांना सुखाने राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं अनेकांना वाटलं. २०१८ मध्ये आलेल्या 'धडक' या हिंदी आवृत्तीत शेवट बदलला होता. तिथे नायिका जिवंत राहते. जातीचा प्रश्नही पुसट झाला होता आणि त्यावर बरीच टीका झाली.

*'यात नवीन काय?'* हा आक्षेप दलित-बहुजन प्रेक्षकांमधून आला, पण वेगळ्या सुरात. ज्यांनी अशा घटना आपल्या तालुक्यात पाहिल्या होत्या, त्यांना शेवटाचा धक्का बसला नाही. त्यांना धक्का बसला तो, बाकीच्यांना हे इतकं अनोळखी वाटतं याचा.

हे खरंच घडतं का?

'सैराट' प्रदर्शित होण्याच्या साधारण दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण सांगितलं गेलं. अनेक साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याच जिल्ह्यात सोनईजवळ जानेवारी २०१३ मध्ये प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांना मारलं गेलं होतं. त्या खटल्यात २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

सिनेमानंतरही हे थांबलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात, पळून जाऊन लग्न केलेल्या १९ वर्षांच्या गर्भवती मुलीची तिच्या सख्ख्या भावाने हत्या केली. आई आणि भाऊ भेटायला आले म्हणून ती चहा करत होती. ही बातमी वाचताना अनेकांना सिनेमातला तोच प्रसंग आठवला.

आता अशा घटनांच्या मथळ्यांत 'सैराट' हाच शब्द वापरला जातो. मूळ अर्थ मोकाट, बेभान. आज बातमीत तो वाचला की खून झाला असणार हे वाचकाला आधीच कळतं.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी 'शक्ती वाहिनी' खटल्यात स्पष्ट केलं की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंब, जातपंचायत किंवा जमाव आडवा येऊ शकत नाही. धोका असलेल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे निर्देशही दिले.

सामाजिक बहिष्काराविरोधातलं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे 'सैराट'च्या सोळा दिवस आधी मंजूर केलं. जुलै २०१७ पासून हा कायदा लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एक अडचण मात्र कायम आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्नाची नोटीस ३० दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. आक्षेप नोंदवता यावा हा त्यामागचा हेतू. पळून आलेल्या जोडप्यासाठी मात्र तीच नोटीस घरच्यांना पत्ता देणारी ठरू शकते. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ या क्रमांकावर फोन करता येतो आणि जवळच्या पोलीस ठाण्यात संरक्षणासाठी लेखी अर्ज देता येतो.

दहा वर्षांनी काय उरलं?

मार्च २०२५ मध्ये 'सैराट' पुन्हा थिएटरमध्ये आला. सिनेमा मोबाइलवर पाठ झालेले लोकही तिकीट काढून गेले. शेवट माहीत असताना पूर्वार्ध पाहणं हा वेगळाच अनुभव असतो. विहिरीतली उडी, चिठ्ठ्या, मित्रांची थट्टा, सगळ्यावर त्या चहाची सावली पडलेली असते.

थिएटरच्या बाहेर मात्र नाच टिकला, शांतता तितकी टिकली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आगरी-कोळी हळदीपासून सोसायटीच्या गणपती विसर्जनापर्यंत 'झिंगाट' वाजल्याशिवाय कार्यक्रम पूर्ण होत नाही. बेंजोवाला असो की डीजे, फर्माईश ठरलेली. आजी-आजोबाही दोन पावलं टाकतात. यातली बरीच लग्नं जात, पोटजात आणि पत्रिका बघून ठरलेली असतात. त्याच मांडवात एखादी मुलगी किंवा मुलगा असतो, ज्याने घरी अजून नाव सांगितलेलं नसतं. गाणं संपतं, सगळे घामाघूम होऊन खुर्च्यांवर बसतात, आणि कोणीतरी मावशी त्याला सहज विचारते, "आता तुझा नंबर कधी?"